इतिवृत्तातली दुरुस्ती

हसनभाई, ओटीपी अजून तुमच्याच फोनवर येतो.

बँकेच्या फाउंडेशनच्या पोर्टलवर आपल्या संस्थेच्या नावापुढे तुमचा नंबर आहे. तो बदलायचा तर आधी आत शिरावं लागतं, आणि आत शिरायचं तर आकडे तुमच्या फोनवर येतात. आली का पंचाईत! तुम्हाला जाऊन महिना होत नाही तोवर मी रोह्याला जुबेदाभाभींना फोन करून सांगते, भाभी, त्यांच्या फोनवर सहा आकडे आले असतील, तेवढे वाचा. पहिल्या वेळी त्यांना फोनच सापडेना. दुसऱ्या वेळी सापडला, तर चार्जिंग नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला आणि विचारलं, झालं का गो तुजं काम? मी झालं म्हटलं. झालं नव्हतं. दहा मिनिटं उलटून गेली होती आणि आकडे बाद झाले होते. पण चौथ्यांदा मागायचा धीर त्या दिवशी मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी एकदाची आत शिरले. अर्ज तोच आहे, गेल्या वर्षी परत आला तोच. पेणच्या आसपासच्या गणपतीच्या गावांतून मूर्ती रंगवणाऱ्या बायकांचे डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे आणि आठवड्यातून दोन दिवस डोळे तपासणाऱ्या मॅडमना गावात बसवायचं. सगळे रकाने भरून झाले. जोडायच्या कागदांत मात्र ह्या वर्षी एक नवीन ओळ आहे. मागच्या दोन वर्षांच्या कार्यकारिणीच्या सभांचं इतिवृत्त, स्कॅन करून. त्या वहीत तुमची सही असलेलं शेवटचं पान आहे. 'अर्जातील आकडा चुकीचा भरला गेला, ही चूक सर्वस्वी माझी आहे' असं तुम्ही उभं राहून सांगितलंत आणि तसंच स्वतःच्या हातानं लिहिलंत.

ती चूक तुमची नव्हती, हसनभाई. माझी होती. आणि मला ते त्या दिवशीही ठाऊक होतं. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते, चष्म्यांची वही माझ्या पिशवीत होती, आणि मी तोंड उघडलं नाही.

हे तुम्हाला जिवंतपणी सांगायचं होतं. आज सांगते, उद्या सांगते म्हणता म्हणता वर्ष गेलं आणि मग तुम्हीच गेलात. आता ते पान जसंच्या तसं फाउंडेशनला पाठवायचं, की खरं काय ते लिहायचं आणि हाही अर्ज घालवून बसायचं, ह्यावर माझं सगळं अडून बसलं होतं. म्हणून हे लिहितेय. लांबलं तर रागावू नका. तुम्ही असतात तर निम्मं कापलं असतंत.

तुमची माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. रोह्यात डोळ्यांचं शिबिर होतं आणि मी आमच्या गावच्या सहा बायकांना एसटीनं घेऊन आले होते. टेबलावरचा माणूस म्हणाला, शिबिर रोहा तालुक्यापुरतं आहे, पेणवाल्यांनी पेणला जावं. माझं डोकं सटकलं. डोळे काय तालुका बघून जातात का, असं काहीबाही मी ओरडत सुटले. तुम्ही तुमच्या स्वतःच्या नंबरासाठी बाकावर बसला होतात. उठून आलात आणि शांतपणे म्हणालात, "ओरडून गळा बसल गो तुजा. कागद हाय का?" बिस्किटाच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण होतं, त्यावर तुम्ही चार ओळींचा अर्ज लिहिलात, बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतलेत, आणि तो टेबलावर न ठेवता आतल्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिलात. सहाही जणींची तपासणी झाली. परत येताना एसटीत त्या सहांतली वनिता म्हणाली, सुनंदा, त्या बाबाला सोडू नको.

वनिताचं ऐकलं, हे मी आयुष्यात केलेलं शहाणपणाचं काम.

तुम्ही धाटावच्या कंपनीत टाइमकीपर होतात. गेटवर बसून कोण किती वाजता शिफ्टला आला, कोण किती वाजता गेला, त्याची नोंद ठेवायची. सगळ्या नोकरीत एका कामगाराचा एक तास इकडचा तिकडं झाला नाही, हे तुम्ही स्वतः कधी सांगितलं नाहीत. भाभी सांगायच्या, आणि तुम्ही पंख्याकडे बघत बसायचात. मी मात्र आकड्यांची माणूस नाही. मी आखणीची माणूस. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. भुवई, पापणी, बुबुळ. गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात मानाचं काम ते. लग्नाआधीपासून माझ्या हातात तो बारीक ब्रश होता. चाळिशी लागली आणि माझी रेघ हलायला लागली. मालक काही बोलला नाही. एका सकाळी माझा ब्रश दुसरीच्या हातात दिसला आणि माझ्यापुढे पॉलिशपेपर पडलेला होता. त्या दिवसापासून मी मूर्ती घासायला लागले. आमच्याकडे बायका चष्मा लावत नाहीत त्याचं कारण हेच. चष्मा दिसला की आखणी गेली. मग घरी पोळ्या लाटताना लावतात आणि कारखान्यात अंदाजानं देवाचे डोळे काढतात.

एका कारखानदाराला तुम्ही कसं गुंडाळलंत ते आठवलं की मला अजून हसू येतं. तो म्हणाला होता, चष्मेवालीनं काढलेले डोळे कोण घेणार? मी तोंड उघडणार एवढ्यात तुम्ही माझ्या पायावर पाय दिलात. मग तुमचा चष्मा काढलात, सदऱ्याच्या टोकानं पुसलात आणि त्याच्या हातात ठेवलात. म्हणालात, जरा हा लावून पुढची रांग बघा. त्यानं गंमत म्हणून लावला. पहिली मूर्ती बघितली, दुसरी बघितली, मग रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेला आणि तिथंच उभा राहिला. त्याची स्वतःची पन्नाशी उलटली होती. आपल्या कारखान्यातून काय बाहेर पडतंय ते त्याला कित्येक वर्षांत दिसलंच नव्हतं. परत आला आणि हळूच विचारलं, असा एक केवढ्याला पडतो? एसटी स्टँडपर्यंत तुम्ही हसत होतात. डोळे पुसायला म्हणून चष्मा काढायला हात न्यायचात आणि तो आता त्या कारखानदाराकडे राहिला हे आठवून पुन्हा हसायचात.

अर्जांचं आपलं कधी जमलं नाही. म्हणजे जमलं, पण भांडून. मी म्हणायची, रडल्याशिवाय आई दूध देत नाही, तिथं बँक काय देणार? गरीब लिहा, निराधार लिहा, असहाय लिहा. तुम्ही प्रत्येक वेळी 'असहाय' वर काट मारायचात. एकदा म्हणालात, "वनिता असहाय हाय? तिला विचार तरी. चपलेनं हाणील तुला." तुमचं म्हणणं, जे काम येतं ते लिही, डोळे गेल्यानं काय जातं ते लिही, आणि गप बस. माझं म्हणणं, अहो, मुंबईतल्या ऑफिसात बसून हे वाचणाऱ्याला आखणी म्हणजे काय ते काय कळणार. तीन अर्ज परत आले तेव्हा मी तुम्हाला सुनावलं, बघा, तुमचा ताठा नडला. चौथा लागला. तेव्हा तुम्ही मला काहीच सुनावलं नाहीत, फक्त पेढे घेऊन आलात. त्या मदतीवर दोन वर्षं मॅडम गावात आल्या. त्या दोन वर्षांत किती बायकांचा ब्रश हातात राहिला हे मला माहीत आहे, कारण त्या सगळ्या मला रस्त्यात थांबवून सांगतात. आणि ते तुमच्यामुळे झालं. हे पण तुम्हाला कधी म्हटलं नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. मी तुम्हाला ओरडायची, तुम्ही मला जेवायला थांबवायचात.

वाद मिटला नाही तो नाहीच. अजूनही मला वाटतं, एखादा 'असहाय' चालला असता.

मग ती मदत संपली आणि गेल्या वर्षी ह्या फाउंडेशनचा अर्ज आला. गणपती तोंडावर होते. ऑडिटरचा अहवाल यायचा होता, तो खजिनदार विलासदादा परस्पर जोडणार होते. तुम्ही मला फोन केलात. मी कारखान्यात उभी, रंगाचा पंप चालू, एका कानात बोट. तुम्ही विचारलंत, गेल्या आर्थिक वर्षात किती जणींना चष्मे दिले, एप्रिल ते मार्च, नीट बघून सांग. मी वही उघडली. शेवटच्या पानावर बेरीज तयार होतीच. ती वाचून दाखवली. तुम्ही पुन्हा विचारलंत, एप्रिल ते मार्चच ना? मी म्हटलं, "व्हय हो, किती वेळा विचाराल?"

आता बघा, आमच्या गावांत वर्ष एप्रिलला सुरू होत नाही आणि जानेवारीलाही होत नाही. विसर्जन झालं की वर्ष संपलं. कामगार कारखाना बदलतो तो तेव्हा, उचल मिळते ती तेव्हा, लग्नं ठरतात ती त्यानंतर. यंदा म्हणजे यंदाचे गणपती. माझी चष्म्यांची वहीसुद्धा विसर्जनानंतर नवी सुरू होते. इतकी वर्षं तशीच होत आलीय, त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. मी तुम्हाला सांगितला तो आकडा गणपती ते गणपती होता. ऑडिटरनं शिबिरांच्या तारखा बघून काढला तो एप्रिल ते मार्च. एकाच अर्जात एकाच वर्षाचे दोन आकडे गेले.

फाउंडेशनचं उत्तर दोन ओळींचं होतं. अर्जातली संख्या आणि अहवालातली संख्या जुळत नाही, त्यामुळे विचार करता येत नाही. तुम्ही मला फोनवर वाचून दाखवलंत. मी फोन ठेवला, वही उघडली, आणि पहिल्या पानावरची तारीख बघितली. दोन मिनिटांत सगळं लख्ख कळलं.

मग मी का नाही बोलले? त्याच्या आधीच्या सभेत, एक कागद पाठवायला उशीर झाला म्हणून, मी सगळ्यांसमोर तुम्हाला म्हटलं होतं, तुमच्याच्यानं होत नसेल तर सांगा, दुसरं कोणीतरी बघेल. तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलं होतंत. आता त्याच माणसांसमोर उठून मी काय सांगणार होते? की शेण मी खाल्लं? माझा पीळ मोठा, हसनभाई. सुंभ जळाला तरी तो जात नाही.

नुसती गप्प राहिले असते तरी एक वेळ ठीक होतं. सभेच्या आधी ओटीवर तुम्ही मला बाजूला घेतलंत. हळू आवाजात विचारलंत, "सुनंदा, तू मला एप्रिल ते मार्चचाच आकडा दिलावतास ना?" त्यात आरोप नव्हता. तुम्हाला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आणि मी म्हटलं, हो, बरोबरच दिला होता.

तुम्ही एकदाच मान हलवलीत. मग आत येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, सुनंदानं बरोबर सांगितलं होतं, माझ्याच लिहिण्यात गडबड झाली, आजकाल माझं डोकं ठिकाणावर नसतं. सचिवपद सोडलंत. माझं नाव तुम्हीच सुचवलंत. मी ते घेतलं.

त्यानंतर तुम्ही पेणला आला नाहीत. मला वाटलं, मनाला लावून घेतलंय, होईल कमी. ईदला मी रोह्याला आले. तुम्ही खिरीची वाटी पुढे केलीत आणि विचारलंत, घरचे सगळे बरे ना? थोड्या वेळानं म्हणालात, मी तुला मघाशी हे विचारलं काय गो? दर दोन वाक्यांनी तेच. मी आधी विचारलं का, मी आधी सांगितलं का. मी मनात म्हटलं, वय झालं बिचाऱ्यांचं. त्या खोलीत आपण दोघंच होतो. भाभी आत होत्या. तेव्हा सांगता आलं असतं. मी खीर चांगली झालीय म्हटलं.

मग एका पहाटे फजरची नमाज झाल्यावर तुम्ही आडवे झालात ते उठलाच नाहीत. मला निरोप आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. पेणहून एसटी मिळाली, पण हायवे खणलेला, नागोठण्याच्या अलीकडे गाडी अडकली. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा पुरुष तुम्हाला खांद्यावर घेऊन कब्रस्तानच्या बाजूला वळत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. धाटावचे जुने कामगार पण होते, कंपनीच्या कपड्यांत, शिफ्ट सोडून आलेले. त्यांतला एक जण माझ्याजवळ थांबून म्हणाला, ह्या माणसानं माझा एक मिनिट कधी कापला नाय. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. भाभी इद्दतीत आहेत, म्हणजे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडणार नाहीत. तुमचा इम्रान कुवेतहून आला होता, तो कागदपत्रांसाठी बाहेर गेलेला. भाभी तुमच्या सदऱ्यांच्या घड्या करत होत्या. प्रत्येक खिशातून चिठ्ठ्या निघत होत्या. तुमचं ते टाइमकीपरचं अक्षर, प्रत्येक आकडा वेगळा, सरळ. गॅस बंद केला. गोळी घेतली, बुधवार. सुनंदाला फोन केला, उचलला नाही. भाभी म्हणाल्या, ते अर्जाचं झालं तेव्हापासून ह्यांनी हे सुरू केलं. म्हणायचे, मी विसरायला लागलोय. पनवेलला मोठ्या डॉक्टरकडे स्वतः जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, काही नाही, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, डॉक्टर म्हणतो काय नाय. मग आकडा चुकला कसा?

माझ्या हातात तुमचा एक सदरा होता, त्याची मी घडी करत राहिले.

भाभींनी आणखी एक सांगितलं. इम्राननं फोनवरून धोशा लावला होता, अब्बा विसरतात, त्यांना स्कूटर देऊ नका, हायवेला काहीतरी होईल. म्हणून त्यांनी चावी काढून तांदळाच्या डब्यात लपवली. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही दोन दिवस सगळं घर उलटंपालटं केलंत. मग बसलात आणि चिठ्ठी लिहिलीत, चावी माझ्याकडून हरवली. तीही एका खिशात होती. दर शुक्रवारी तुम्ही स्कूटरवरून खांब गावाला बहिणीकडे जायचात, ते त्या दिवसापासून थांबलं. बहीण विचारायची तेव्हा, रस्ता खराब आहे, म्हणायचात.

त्या दिवशी मी काही न सांगता परत आले. हो, त्या दिवशीसुद्धा. एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले, आणि शेजारच्या बाईनं विचारलं तर डोळ्यात कचरा गेला म्हटलं. खोटं बोलायची सवय लागली की छोट्या गोष्टीतही सुटत नाही.

मग अर्जाची मुदत जवळ आली आणि मी कार्यकारिणीची सभा बोलावली. सगळं सांगितलं. वही दाखवली, तारीख दाखवली, ओटीवर काय बोलणं झालं तेही सांगितलं. मग विलासदादा बोलले, आणि ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते समजुतीनं बोलले. म्हणाले, हसनभाईंनी ते स्वतःहून लिहून दिलंय, ते आता गेले, ते पान गेल्यानं त्यांना काही होणार नाही. पण सचिवच वर्षभर खोटं बोलली असं आपणच लिहून पाठवलं, तर फाउंडेशन आपल्याला दारात उभं करणार नाही. मॅडम परत येणार नाहीत. तुला तुझं मन मोकळं करायचंय सुनंदा, पण त्याचे पैसे ह्या बायका भरणार.

तुम्ही असतात तर तुम्ही काय म्हणाला असतात हे मी खूप शोधलं, आणि मला वाटतं तुम्हीही म्हणाला असतात की ते पान जाऊ दे, बायकांचे डोळे महत्त्वाचे. तुम्ही नक्की तेच म्हणाला असतात. म्हणून तर मला ते ऐकायचं नव्हतं.

वनिता कोपऱ्यात बसली होती. ह्या वर्षी ती कार्यकारिणीत आहे. तिचा स्वतःचा नंबर वाढलाय आणि नवा चष्मा ह्याच अर्जावर अवलंबून आहे. तिनं विलासदादांना विचारलं, "सुनंदा बोलते ता खरा हाय ना?" दादा म्हणाले, खरं आहे. "मंग लिवा ना. एवढा येल कशाला लावताव?"

लिहिलं. माझ्याच हातानं लिहिलं, तुम्ही शिकवलंत तसं, एकही विशेषण न घालता. मागील वर्षीच्या अर्जातील आकडा मी हसनभाईंना चुकीचा सांगितला. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली होती. चूक लक्षात आल्यावरही मी ती सांगितली नाही, आणि त्यांनी विचारल्यावर खोटं उत्तर दिलं. त्यांनी स्वतःवर घेतलेला दोष त्यांचा नव्हता. खाली सही. विलासदादांनीही केली, सगळ्यांत आधी. दोन्ही पानं स्कॅन केली, तुमचं आणि माझं, आणि अर्ज पाठवला. वर्षाच्या रकान्यात आकडा भरताना ह्या वेळी शिबिरांच्या तारखा एकेक करून लावल्या. उत्तर अजून आलेलं नाही. नकार आला तर तो कशामुळे आला हे मला माहीत असेल, आणि गावात मला एकेकीच्या दारात जाऊन ते सांगावं लागेल. ती तयारी ठेवलीय.

पण पोर्टलवर दुरुस्ती झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. काल इतिवृत्ताची वही घेऊन रोह्याला गेले.

इम्रानची रजा संपत आली होती, बॅग बाहेरच्या खोलीत भरलेली होती. भाभी पलंगावर बसल्या होत्या. मी प्रस्तावना केली नाही, केली असती तर पुन्हा पळाले असते. वही उघडली आणि ते पान वाचून दाखवलं. भाभींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, परत वाच. मी परत वाचलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग मी चावी कशाला लपवली?"

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी माझे हात धरून मला उठवलं, पण जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, माफी माझ्याकडे मागू नको, माफ करणं माझ्या हातात नाही, ज्यांच्या हातात होतं ते गेले. तुझ्या एका फोनाचं काम होतं गो. एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे बघत बसल्या. खरंच आहे ते. एका फोनाचंच काम होतं.

इम्रान दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा ओरडणार, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं. तो आत आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. एवढा मोठा माणूस, केस पिकायला लागलेले. माझ्या हातातली वही त्यानं घेतली, माझं अक्षर वाचलं, मग मागचं पान उलटून तुमचं अक्षर वाचलं.

"मावशी," तो म्हणाला, "म्हणजे अब्बा काय विसरत नव्हते?"

"नाय," मी म्हटलं. "एक आकडासुद्धा नाय."

त्यानं वही मिटली आणि तोंड त्या वहीत घातलं. हसनभाई, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमच्या मुलाला सांगितलं.